दोन शुक्रवार

मराठीच्या अध्यापकांनी 'सी' या संगणकीय भाषेविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे अस्थानी वाटेल. आम्हांलाही ते वाटते. आम्ही दोघे गेली पंधरा-सोळा वर्षे तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवीत आहोत. प्रश्नपत्रिका टंकित करणे आणि गुणांच्या याद्या तयार करणे, एवढ्यापुरताच आमचा संगणकाशी संबंध. मात्र २०१९ सालच्या मार्च महिन्यात एका विद्यार्थिनीच्या दहा गुणांपायी संगणक वेळ कशी राखतो, ती कोणाला वाचता येते आणि कोणाला बदलता येते, हे शिकण्याची वेळ आमच्यावर आली. त्याची ही हकिकत. तीत आम्हांला मिरवण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एम. ए. भाग दोनच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही अंतर्गत मूल्यमापनासाठी एक लघुप्रबंध लिहून घेतो. त्या वर्षी मुदत होती गुरुवार, १४ मार्चची. विभागात एक जुना संगणक आहे. संगणकशास्त्र विभागाने नवी यंत्रे घेतली तेव्हा त्यांचे एक जुने यंत्र आमच्या वाट्याला आले. त्यावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि आंतरजाल त्या वेळी आमच्या खोलीपर्यंत पोहोचलेले नव्हते. विद्यार्थ्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावे, आपली फाइल एका ठरावीक फोल्डरमध्ये उतरवावी आणि जावे, अशी पद्धत आम्ही पाडली होती. पोच म्हणून आम्ही सही घेत नसू की देत नसू. संगणक फाइलीवर तारीख-वेळ टाकतोच, तीच पोच. कागदी दप्तर कमी केल्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. त्या आठवड्यात आम्ही दोघेही परीक्षेच्या पर्यवेक्षणात अडकलो होतो, त्यामुळे खोलीत आमचे येणे-जाणे सकाळ-संध्याकाळचे.

सोमवारी आम्ही यादी काढली. सतरा फायली होत्या. चौदा मुदतीतल्या, तीन शुक्रवारच्या. उशीर झाल्यास दहा गुण वजा, हा नियम वर्गात दोनदा सांगितलेला होता. तिघांना बोलावले. दोघांनी मान खाली घालून कबूल केले. तिसरी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मी गुरुवारीच दिलंय. बाराच्या सुमारास. शुक्रवारी तर मी गावातच नव्हते." आम्ही पडदा तिच्याकडे वळवला. शुक्रवार, १५ मार्च, बारा वाजून दहा मिनिटे. "संगणक कशाला खोटं बोलेल?" असे आम्ही म्हणालो. 'आम्ही' म्हणण्याचे कारण असे, की वाक्य एकाच्या तोंडून आले, पण दुसऱ्याने त्याला हरकत घेतली नाही. ती काही वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि "बरं सर" म्हणून निघून गेली. त्यानंतर ती तासांना येईनाशी झाली. वर्ष संपत आले होते, बरेच जण येत नव्हते. आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. गुणांची यादी गेली.

आता थोडे मागे जायला हवे. त्या संगणकाला एक खोड होती. संध्याकाळी मुख्य खटका बंद केला, की दुसऱ्या दिवशी तो कुठल्यातरी जुन्या सालातील १ जानेवारी ही तारीख घेऊन जागा होई. आमच्यापैकी जो आधी येई तो भिंतीवरचे घड्याळ आणि दिनदर्शिका पाहून तारीख लावी. सकाळी आल्यावर खिडकी उघडावी तितके ते सवयीचे झाले होते. पंधरवड्यानंतर यंत्र मुळीच सुरू होईना, तेव्हा आम्ही संगणकशास्त्राच्या मॅडमना बोलावले. त्यांनी पेटी उघडून धूळ झटकली आणि आतून रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी काढून दाखवली. सीआर-२०३२ या जातीची ही बॅटरी, यंत्र बंद असताना आतल्या छोट्या घड्याळाला जिवंत ठेवते. सुरू होताना संगणक त्या घड्याळाकडून एकदा वेळ विचारून घेतो आणि पुढची मोजणी स्वतः करतो. बॅटरी मेलेली असेल, तर विचारायला कोणी उरत नाही.

"मग रोज तारीख कोण लावतं?" मॅडमनी विचारले.

"आम्हीच. जो आधी येईल तो."

"हाताने?"

या एका शब्दाने आम्ही दोघे एकमेकांकडे पाहिले. त्या विद्यार्थिनीची गोष्ट आम्ही मॅडमना सांगितली. यंत्र सुरू झाल्यावर त्यांनी प्रणालीची नोंदवही उघडली. संगणक आपल्या बारीकसारीक हालचालींची दैनंदिनी लिहीत असतो, हे आम्हांला तेव्हा कळले. पेनड्राइव्ह लावला, काढला, यंत्र सुरू झाले, बंद झाले, या सगळ्याची तीत ओळ असते. आणि ओळीच्या आरंभी दोन वेळा असतात: एक आपली नेहमीची तारीख-वेळ, आणि चौकटी कंसात दुसरा एक आकडा, यंत्र सुरू झाल्यापासून किती सेकंद लोटले त्याचा.

मॅडमनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बुधवार, १३ मार्च. मग यंत्र बंद. मग पुन्हा सुरू, १ जानेवारी. काही ओळींनंतर तारीख एकदम उडी मारून शुक्रवार, १५ मार्च, सकाळचे १० वाजून ४० मिनिटे. यंत्र सुरू झाल्यापासून सुमारे ५,४०० व्या सेकंदाला एक पेनड्राइव्ह लागला: दीड तास, म्हणजे बारा-दहा. यंत्र बंद झाले तेव्हा कंसातला आकडा २२,००० च्या पुढे गेला होता. सहा तासांहून अधिक काळ. मग पुन्हा सुरू, पुन्हा १ जानेवारी, पुन्हा उडी. आणि पुन्हा शुक्रवार, १५ मार्च, सकाळचे साडेदहा. या दुसऱ्या शुक्रवारी दोन पेनड्राइव्ह लागले आणि यंत्र संध्याकाळपर्यंत चालू राहिले.

एकच यंत्र एकाच दिवशी साडेदहा ते पाच असे दोनदा चालू राहू शकत नाही. नोंदवहीत गुरुवार नव्हता आणि शुक्रवार दोन होते. गुरुवारी सकाळी आमच्यापैकी एकाने १४ च्या जागी १५ लिहिले होते. कोणी, हे येथे सांगत नाही. पुढे जे पत्र गेले त्यावर दोघांच्या सह्या आहेत.

त्या दिवशी आम्ही फार बोललो नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात, मॅडमचे प्रात्यक्षिकांचे तास संपल्यावर, आम्ही त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागलो. चूक नेमकी कशातून घडली, हे त्याच भाषेतून समजून घ्यावे असे वाटले. मॅडमनी आम्हांला सी मधले पाच-सहा लहान प्रोग्राम लिहायला लावले. साहित्याच्या वाचकांना त्यातले काही रुचेल, म्हणून थोड्या तपशिलात लिहितो.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत, युनिक्स या प्रणालीच्या सोबतीने घडवली. या परंपरेतला संगणक तारीख जाणत नाही, तो सेकंद जाणतो. १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचला मध्यरात्र झाली, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या क्षणापासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा त्याच्यापाशी असतो. हा आरंभबिंदू आकाशातून पडलेला नाही. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत मोजणी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागात होती. बत्तीस बिटांत ती सुमारे सव्वादोन वर्षांतच भरून जाई, म्हणून पुढे बदलली. सगळा काळ मोजायचा तर कुठेतरी खुंटी ठोकावीच लागते आणि ती ठोकणारा माणूसच असतो. शक आणि सन यांच्या घोळात जुनी कागदपत्रे वाचणाऱ्या आम्हां मराठीवाल्यांना हे नवे वाटायला नको होते.

वेळ वाचण्याचे फंक्शन आहे 'क्लॉक_गेटटाइम'. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कोणते घड्याळ, आणि उत्तर कुठे ठेवायचे. उत्तर दोन खणांत येते, एकात सेकंद, दुसऱ्यात नॅनोसेकंद. फंक्शन स्वतः मात्र वेळ सांगत नाही. ते फक्त काम झाले की नाही एवढे सांगते. शून्य म्हणजे झाले, उणे एक म्हणजे फसले. शून्य म्हणजे यश, हे गुण देणाऱ्या माणसांच्या पचनी पडायला थोडा वेळ लागला. "हे परत आलेलं मूल्य तपासायचं हं," मॅडम पुनःपुन्हा सांगत. "मुलं तपासत नाहीत. खणात जुना कचरा असतो आणि तोच वेळ म्हणून छापतात."

मग त्या सेकंदांची माणसांची तारीख करायची. तेथे आणखी एक गंमत आहे. सी च्या हिशेबात वर्ष १९०० पासून मोजतात आणि महिने शून्यापासून. दिवस मात्र एकपासून. म्हणजे १४ मार्च २०१९ ही तारीख तेथे दिवस १४, महिना २, वर्ष ११९ अशी बसते. आम्ही ती उलट फिरवून सेकंद काढले. त्या गुरुवारी दुपारी बारा-दहाला संगणकापाशी १५५२५४५६०० हा आकडा असायला हवा होता. आमच्या हातून तो झाला १५५२६३२०००. फरक ८६,४०० चा. कागदावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा त्यांतला कोणता खरा, हे नुसते पाहून सांगता येईना.

वेळ लावण्याचे फंक्शन 'क्लॉक_सेटटाइम'. रचना जवळजवळ तीच. खण आधी आपण भरायचे आणि मग त्याच्या हवाली करायचे. आमच्या साध्या खात्यावरून आम्ही ते चालवले. उणे एक. संगणकाने कारणही दिले: 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. वेळ वाचण्याची मुभा सर्वांना, लावण्याची फक्त प्रणालीच्या अधिपतीला, ज्याला त्या परिभाषेत 'रूट' म्हणतात. हे वाचून आम्ही गप्प झालो. विभागातल्या त्या यंत्राचा रूटचा परवलीचा शब्द आम्हां दोघांना ठाऊक होता, म्हणूनच तर आम्ही रोज तारीख लावू शकत होतो. विद्यार्थिनीला ती वेळ फक्त वाचता येत होती.

मॅडमनी मग रूटच्या खात्यावरून दुसरे एक घड्याळ लावून पाहायला सांगितले. संगणकात घड्याळे अनेक असतात. 'क्लॉक_रिअलटाइम' हे भिंतीवरचे घड्याळ, त्यात तारीख असते, ते मागे-पुढे करता येते. 'क्लॉक_मोनोटॉनिक' हे दुसरे. त्याला तारीख माहीत नसते. लिनक्सवर ते साधारण यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद मोजते आणि फक्त पुढे जाते. ते आम्ही लावायला गेलो, तर रूट असूनही उणे एक. या वेळी कारण वेगळे: 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. अधिकार नाही असे नव्हे, मागणीच गैरलागू. हे घड्याळ कोणालाही लावता येत नाही. नोंदवहीतला कंसातला आकडा याच जातीच्या मोजणीचा होता. आमचा गुरुवार आम्ही पुसला होता, पण त्या दिवसाचे बावीस हजार सेकंद आम्हांला पुसता आले नव्हते.

घड्याळ चुकले तर ते एकदम मागे ओढू नये, हेही त्यांनी सांगितले. कोणती फाइल आधीची आणि कोणती नंतरची, यावर विसंबून कामे करणारे प्रोग्राम अशा उडीने गोंधळतात. त्यासाठी 'अ‍ॅडजटाइम' नावाची सौम्य तऱ्हा आहे. घड्याळ किंचित जलद किंवा किंचित मंद चालवायचे. लिनक्सवर साधारणपणे सेकंदाला अर्धा मिलिसेकंद या बेताने. एका सेकंदाची चूक अशी दोन हजार सेकंदांत निस्तरते. आम्ही गणित केले: आमची एका दिवसाची चूक या गतीने निस्तरायची, तर दोन हजार दिवस, म्हणजे सुमारे साडेपाच वर्षे लागतील.

या अभ्यासात एक मोह उभा राहिला. तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. गुणांची यादी कार्यालयातून अजून विद्यापीठाकडे गेलेली नव्हती. रूटच्या खात्यावरून घड्याळ १४ मार्च, दुपारी बारा-दहावर न्यायचे, फाइल नव्याने उतरवायची, घड्याळ पुन्हा जागेवर आणायचे. दोन मिनिटांचे काम. फाइलीवर गुरुवार उमटला असता, आणि तो खराच गुरुवार होता. 'तपासणीत नजरचूक झाली' एवढी एक ओळ कार्यालयाला लिहून गुण वाढवता आले असते. तारीख हाताने लावण्याचा प्रकार, पोच न घेण्याची पद्धत, यांतले काहीच बाहेर आले नसते. आम्ही यावर दोन दिवस विचार केला, हे कबूल करतो. खोट्या मार्गाने खरी तारीख उमटवली तर बिघडले कुठे, असा युक्तिवादही आम्ही एकमेकांना ऐकवला. शेवटी असे ठरले, की तिला गुण द्यायचे ते तिचे म्हणणे खरे होते म्हणून. फाइलीवर योग्य आकडा आहे म्हणून नव्हे. तिने सांगितले ते खरे होते, हे लेखी कुठेतरी यायला हवे होते, आणि घड्याळ मागे नेऊन ते आले नसते.

आम्ही प्राचार्यांना पत्र लिहिले. नोंदवहीच्या ओळी छापून सोबत जोडल्या. आमच्याकडून लेखी स्पष्टीकरण मागवले गेले, ते दिले. गुण दुरुस्त झाले. ज्या दोघांनी उशीर कबूल केला होता, ते खरोखरच दुसऱ्या शुक्रवारी आले होते. त्यांचे काही बदलले नाही.

विद्यार्थिनीला आम्ही बोलावून घेतले. ती आली, उभीच राहिली. आम्ही सगळे सांगितले आणि तिची क्षमा मागितली. तिने ऐकून घेतले. मग आमच्यापैकी एकीकडे वळून म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी जिन्यात तुम्ही मला भेटला होतात. 'झालं का टायपिंग?' असं विचारलंत. मी म्हटलं, 'आत्ताच फाइल टाकून आले.' तुम्ही सुपरव्हिजनला चालला होतात. गुरुवारचं." थोडे थांबून ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आठवेल."

आठवले, पण तिने सांगितल्यावर. गुरुवारचा साक्षीदार नोंदवहीत शोधण्याची गरजच नव्हती, तो आमच्यातच होता. आम्ही स्वतःला काही विचारले नाही, कारण पडद्यावर उत्तर दिसत होते. कथेतला निवेदक विश्वसनीय असेलच असे नाही, त्याला कोणी बोलते केले, कोणाच्या सोयीने केले, ते तपासा, असे आम्ही दरवर्षी याच वर्गात शिकवतो. त्या सोमवारी एका निवेदकावर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवला आणि त्याला ती तारीख पढवणारे आम्हीच होतो, हे विसरलो.

घड्याळावरचा असा विश्वास आपल्याकडे पूर्वी इतका सहज नव्हता. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे चालणारी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. दोन वेळांच्या त्या शहरात 'किती वाजले?' याला 'कोणत्या वेळेने?' हा प्रतिप्रश्न रास्त होता. हा प्रश्न संगणकालाही चुकलेला नाही. सेकंदांचा हिशेब बत्तीस बिटांत ठेवणारी जुनी यंत्रे १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी आपल्या मोजणीच्या टोकाला पोहोचतील आणि पुढच्या सेकंदाला १९०१ सालच्या डिसेंबरात जाऊन पडतील. नवी यंत्रे चौसष्ट बिटांत मोजतात, त्यांना ही भीती नाही. पण आमच्यासारख्या विभागांच्या वाट्याला जुनी यंत्रेच येतात.

त्या यंत्रात नवी बॅटरी बसवली. आता आंतरजालही आले आहे आणि संगणक आपली वेळ बाहेरून जुळवून घेतो; आम्ही तिला हात लावत नाही. तरीही शेजारी एक शंभरपानी वही ठेवली आहे. फाइल देणाऱ्याने तीत आपल्या हाताने तारीख लिहायची, सही करायची, आणि आमच्यापैकी जो असेल त्याने खाली सही करायची. कागदी दप्तर पुन्हा वाढले, याबद्दल सहकारी थट्टा करतात.

ती विद्यार्थिनी आज एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. हा लेख लिहिण्याआधी आम्ही तिला दूरध्वनी करून परवानगी मागितली. "लिहा की," ती म्हणाली. "नाव नका घालू. पण तो गुरुवार होता, हे मात्र नीट लिहा."

तो गुरुवार होता.